स्थौल्य-शस्त्रक्रियेनंतरची तात्पुरती केसगळती : वैद्य व औषधी विक्रेते यांचे कर्तव्य

अतिस्थौल्यावर शस्त्रक्रिया हा उपचार मराठवाड्यास आता अपरिचित राहिलेला नाही. २०११ मध्ये श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द प्रथमच अनेक मराठी घरांतून उच्चारला गेला. त्यानंतरच्या काळात छत्रपती संभाजीनगरातील रुग्ण पुण्या-मुंबईस जाऊन किंवा शहरातच ही शस्त्रक्रिया करून घेऊ लागले आहेत. शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. परंतु तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचा पुंजका दिसू लागला की रुग्ण, विशेषतः स्त्रीरुग्ण, प्रथम येते ती ओळखीच्या वैद्यांकडे अथवा कोपऱ्यावरील औषधी दुकानात. म्हणून या अवस्थेचे यथार्थ ज्ञान आपणा सर्वांस असणे अगत्याचे आहे.

ही केसगळती स्वतः धोकादायक नाही. बहुसंख्य रुग्णांत ती आपोआप थांबते. धोका आहे तो तिच्या निमित्ताने दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात. ‘त्या गोळ्या उष्ण पडल्या म्हणून केस गेले’ असे रुग्णा म्हणते आणि आपण नुसती मान डोलावली तरी ती जीवनसत्त्वे व लोह बंद करते. केस काही महिन्यांनी परत येतात, पण त्या सल्ल्याने झालेली मज्जातंतूंची हानी कित्येकदा परत भरून येत नाही.

संहितांतील धागा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अष्टौनिन्दितीय अध्यायात आठ निंदित पुरुष वर्णिले आहेत. त्यांत अतिलोमा व अलोमा, अतिस्थूल व अतिकृश अशा जोड्या येतात. केसांचा अभाव आणि स्थौल्य यांचा एकत्र उल्लेख तेथे शरीराच्या बाह्य लक्षणांच्या संदर्भात आहे. परंतु त्याच अध्यायातील एक विधान प्रस्तुत विषयास थेट लागू पडते. अतिस्थूल मनुष्यात मेद धातूच वाढत जातो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, असे आचार्य सांगतात. बाहेरून पुष्ट दिसणारा देह आतून कुपोषित असू शकतो, हा त्याचा आशय. आजचे अनुभवही हेच सांगतात. शस्त्रक्रियेपूर्वीच अनेक स्थूल रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व व लोह यांची न्यूनता आढळते.

केस हा अस्थी धातूचा मल मानला आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात अस्थिक्षयाच्या लक्षणांत केस, लोम, नख, श्मश्रू व दात यांचे पतन, श्रम आणि सांधे शिथिल होणे यांचा निर्देश आहे. स्थौल्य-शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण डोळ्यांपुढे आणल्यास ही लक्षणे किती जवळची वाटतात! आहार अल्प, अग्नी मंद, रसधातू क्षीण. मग उत्तरोत्तर धातूंचे पोषण खुंटावे आणि त्याची पहिली दृश्य खूण केसांत उमटावी, हे स्वाभाविकच होय. सुश्रुताने निदानस्थानात वर्णिलेला इंद्रलुप्त व चरकोक्त खालित्य यांची संप्राप्ती मात्र वेगळी आहे. तेथे वातयुक्त पित्त रोमकूपाशी दुष्टी करते, सुश्रुतमताने पुढे कफ व रक्त रोमकूप अवरुद्ध करतात. येथे रोमकूप अबाधित असतो. पोषण तुटलेले असते. म्हणून प्रत्येक केसगळतीस खालित्य म्हणून पित्तशामक चिकित्सा देणे हे निदानास धरून होणार नाही.

केसाचे चक्र आणि तीन महिन्यांचे कोडे

मस्तकावर साधारणतः एक लाख केस असतात. त्यांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत, १० ते १५ टक्के विश्रांतीच्या अवस्थेत आणि एखाद-दोन टक्के मधल्या संक्रमणात असतात. वाढीची अवस्था २ ते ६ वर्षे चालते. विश्रांतीची सुमारे ३ महिने. विश्रांती संपली की जुना केस गळतो व त्याच कूपातून नवा वर येतो. रोज ५० ते १०० केस गळणे म्हणूनच प्राकृत समजले जाते.

शरीरावर मोठा ताण आला, म्हणजे शस्त्रक्रिया, तीव्र ज्वर, प्रसूती अथवा वजनात झपाट्याने घट झाली, की वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. ते लगेच गळत नाहीत. तीन महिने कूपात तसेच राहतात आणि मग एकदम गळतात. या अवस्थेस ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी १९६१ मध्ये तिचे वर्णन केले. रुग्णाच्या मनातील गोंधळाचे मूळ याच तीन महिन्यांत आहे. कारण जानेवारीत घडते, केस एप्रिलमध्ये गळतात आणि दोष मात्र मार्चमध्ये सुरू केलेल्या गोळीस, नव्या शाम्पूस किंवा बोअरच्या पाण्यास दिला जातो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात स्थौल्य-शस्त्रक्रिया झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत केसगळती नोंदली गेली. तरुण स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक होते; जस्त, फोलिक आम्ल व फेरिटीन यांच्या न्यूनतेशी तिचा संबंध आढळला. हीच अवस्था शस्त्रक्रियेविना, औषधाने झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांतही दिसते. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड व जून २०२५ मध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात उपलब्ध झाल्यापासून अशी इंजेक्शने घेणारे रुग्णही हीच तक्रार घेऊन येतील. तेव्हा ‘गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले व कशाने?’ हा प्रश्न केसांच्या प्रत्येक रुग्णास विचारावा.

काल पाहून निदान

या रोगात कालाचे ज्ञान हेच अर्धे निदान होय.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालेली, संपूर्ण मस्तकावर सारखी पसरलेली, खाज-खवले-वेदनारहित गळती ही बहुधा शस्त्रक्रियेच्या व वजनघटीच्या ताणाची असते. ती साधारणतः तीन ते सहा महिने चालते. नवे केस दरमहा सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे गळणे थांबल्यावरही वेणीचा पूर्वीचा दाटपणा दिसण्यास वर्ष-दीड वर्ष जाते.

गळती सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झाली किंवा वर्ष उलटूनही थांबली नाही, तर पोषणन्यूनता गृहीत धरून शोध घ्यावा. हिमोग्लोबिन, फेरिटीन, बी-१२, फोलिक आम्ल, ‘ड’ जीवनसत्त्व, जस्त, अल्ब्युमिन व टीएसएच एवढ्या तपासण्या पुरेशा असतात.

परीक्षणाची एक सोपी रीत अशी : ५०-६० केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढावी. सहाहून अधिक केस हातात आले व त्यांच्या मुळाशी पांढरी बोंडासारखी गाठ दिसली, तर टेलोजेन गळतीचे अनुमान दृढ होते. गोल चट्टे असल्यास चाई, खवले व तुटके केस असल्यास बुरशी, भांग रुंद होत माथा विरळ झाल्यास आनुवंशिक प्रकार, अनियमित आर्तव व मुखावर लव असल्यास बीजकोशाचा विकार यांचा विचार करावा.

पूरके : कोणती व किती

जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकणारी स्लीव्ह आणि आतड्याचा आरंभीचा भाग वगळणारी बायपास या दोन शस्त्रक्रिया प्रमुख आहेत. पहिलीत आहार घटतो, अम्ल घटते. दुसरीत शोषणही घटते. म्हणून पूरके ही या रुग्णाची तात्पुरती सोय नसून आयुष्यभराची गरज आहे.

अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बॅरिएट्रिक सर्जरी या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतील दैनिक प्रमाणे अशी : ऋतुमती स्त्रीस लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, थायमिन किमान १२ मिलिग्रॅम, जस्त शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार ८ ते २२ मिलिग्रॅम व त्यासोबत ताम्र १ ते २ मिलिग्रॅम. तोंडाने घेतल्यास बी-१२ किमान ३५० मायक्रोग्रॅम लागते. प्रथिने दररोज किमान ६० ग्रॅम असावीत. ‘रोज एक मल्टीव्हिटॅमिन घ्या’ एवढ्या सल्ल्याने ही गरज भागत नाही, हे आकड्यांवरूनच दिसेल.

शेगाव तालुक्याचा धडा

मात्र न्यूनतेची भीती म्हणून अतियोग करणेही तितकेच घातक आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. आरंभी पाणी, बुरशी, शाम्पू यांवर संशय गेला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथकही तेथे गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्त, मूत्र व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे घटलेले आढळले. शिधावाटप दुकानातील गव्हात सेलेनियम अत्यधिक असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे नखे विकृत होऊन गळाल्याच्याही तक्रारी आल्या. २००८ मध्ये अमेरिकेतही असाच प्रकार घडला होता. चुकीने अतिमात्र सेलेनियम पडलेल्या द्रव पूरकामुळे दोनशे जणांस बाधा झाली व बहुतेकांचे केस गेले.

या घटनांतून बोध हा की, जे द्रव्य हीनयोगात केस घालवते तेच अतियोगातही घालवते. ‘अ’ जीवनसत्त्वाचेही तसेच. केसगळतीचा रुग्ण एकाच वेळी शल्यचिकित्सकाने दिलेले पूरक, दुकानातून घेतलेली ‘हेअर’ गोळी आणि मैत्रिणीने सुचवलेली गमी घेत असेल, तर तिन्हींवरील सेलेनियम, जस्त व ‘अ’ यांची बेरीज करून पाहणे हे आपले काम आहे.

आयुर्वेदीय औषधयोजनेत दक्षता

१. लेखन थांबवावे. शस्त्रक्रियेपूर्वीचे मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ आदी कल्प रुग्ण सवयीने पुढे चालू ठेवतो. वजन आधीच वेगाने उतरत असताना कर्शन नको, मृदू बृंहण व अग्निरक्षण हवे.

२. शोधन टाळावे. वमन निषिद्धच समजावे. विरेचनाने द्रव व क्षार यांचा ऱ्हास संभवतो. संशोधनानंतर पेया, विलेपी, यूष या क्रमाने अग्नी वाढवण्याचा जो संसर्जनक्रम आपण जाणतो, त्याच तत्त्वावर शस्त्रक्रियेनंतर द्रव, दाट द्रव, लगदा, मऊ अन्न असा क्रम शल्यचिकित्सक देतात. हे साम्य रुग्णास समजावून दिल्यास तो क्रम श्रद्धेने पाळतो.

३. त्रिफळा व लोह एकत्र देऊ नये. हरीतकी-बिभीतकातील कषाय द्रव्ये लोहाचे शोषण रोखतात. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. हाच नियम चहास लागू आहे.

४. शंख, कपर्दिक, प्रवाळ हे कल्प कॅल्शियमचे कार्बोनेट होत. अम्ल घटलेल्या जठरात त्यांचे शोषण कमी होते, शिवाय सोबत घेतल्यास ते लोहासही अडवतात. सिट्रेटच्या गोळीस पर्याय म्हणून ते देऊ नयेत.

५. यशद भस्म दीर्घकाळ देताना ताम्रक्षयाचे भान ठेवावे. जस्ताच्या अतिमात्रेने ताम्र घटते व त्यातून पांडू आणि पायांची बधिरता उद्भवते.

६. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. या शस्त्रक्रियांनंतर मद्य रक्तात लवकर व अधिक चढते. अवलेह व गूळयुक्त कल्पांनी बायपासच्या रुग्णांत घाम, धडधड, अतिसार ही ‘डम्पिंग’ची लक्षणे उद्भवू शकतात. च्यवनप्राश देणेच असल्यास अल्पमात्रेत देऊन पाहावा. शक्यतो चूर्ण, क्वाथ वा सिद्धघृताची अल्पमात्रा पसंत करावी.

७. त्रिकटू, भल्लातक यांसारखी तीक्ष्ण द्रव्ये बायपासच्या जोडावर व्रण होण्याच्या भीतीने टाळावीत. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. उलट्या होणाऱ्या रुग्णास तो देऊ नये.

मग द्यावे काय? आमलकी, गुडूची, भृंगराज यांची माफक योजना, पादाभ्यंग, शिरोऽभ्यंग आणि निद्रेची व्यवस्था. तेल हलक्या हाताने लावावे. तेलाने टाळू स्निग्ध राहते व मनास स्वास्थ्य लाभते. पण तीन महिन्यांपूर्वीच कूपातून सुटलेला केस कोणतेही तेल धरून ठेवू शकत नाही, हे प्रांजळपणे सांगावे. केस विंचरताना अथवा धुताना गळालेले केस तसेही गळणारच होते. म्हणून धुणे थांबवण्याचे कारण नाही.

आहार : वरणभाताने ६० ग्रॅम होत नाहीत

शाकाहारी रुग्णासाठी हिशेब मांडून दाखवावा. दिवसभरात अर्धा लिटर दूध घेतल्यास सुमारे १६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून ९, दोन वेळचे मिळून ६० ग्रॅम कोरड्या डाळीतून १४ आणि १५० ग्रॅम दह्यातून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ४४ ग्रॅम! तीही एवढे सर्व त्या लहानशा जठरात मावले तर. उरलेली १५-२० ग्रॅम प्रथिनपूडीतूनच भरून काढावी लागतात. अंडी चालत असल्यास प्रत्येकी सुमारे ६ ग्रॅम मिळतात.

जेवताना घास प्रथम डाळीचा, उसळीचा, पनीरचा वा अंड्याचा, भाकरी-भात नंतर. मूग, मसूर, मटकी, हुलगे हे आपल्या भागातील धान्य मोड आणून, मऊ शिजवून द्यावे. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाच्या अंतराने घोटघोट प्यावे.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे. साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्ट असते, प्रथिने नगण्य. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा व चहावर काढणाऱ्या रुग्णेचे केस दिवाळी उलटल्यावर पुन्हा गळू लागले, तर त्यात नवल नाही. पहिल्या वर्षी कडक उपवास टाळावेत, आणि करायचेच असल्यास दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांवर करावेत. रमजानचे रोजे ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णाने आपल्या शल्यचिकित्सकाचा सल्ला आधी घ्यावा. पाणी व प्रथिने दोन्ही रात्रीच्या मोजक्या तासांत बसवणे त्यास कठीण जाते.

औषधी विक्रेत्यांसाठी

गुलमंडी-औरंगपुऱ्यापासून सिडको-हडकोपर्यंतच्या दुकानांत केसांसाठी बहुधा मागितले जाते ते बायोटिन. बायोटिनची प्रत्यक्ष न्यूनता नसल्यास या केसगळतीत त्याचा लाभ होतो असा भक्कम पुरावा नाही. शिवाय अधिक मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवण्यास ग्राहकास सांगावे.

लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा, ही सूचना पाकिटावर पेनाने लिहून देण्यास वेळ लागत नाही. वेदनाशामक गोळी मागणाऱ्या बायपासच्या रुग्णास आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक न देता वैद्यांकडे पाठवावे. ‘हमखास केस उगवतील’, ‘चरबी वितळेल’ असे फलक दुकानात लावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा स्पष्ट समावेश आहे आणि १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल व नवे केस उगवणे यांचाही.

विलंब न करता परत पाठवावे असे रुग्ण

केसांच्या तक्रारीबरोबर पुढीलपैकी काहीही आढळल्यास केसांची चिकित्सा बाजूस ठेवून रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे अथवा घाटी रुग्णालयात पाठवावे :

- सतत उलट्या, पाणीही न ठरणे
- चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे, विस्मरण वा गोंधळ
- हातापायांत बधिरता, पायांतील बल कमी होणे
- पायांवर सूज, मुखावर फिकेपणा, श्रमाने धाप
- काळी शौचप्रवृत्ती, तीव्र उदरशूल

सतत उलट्या होणाऱ्या रुग्णात थायमिन काही आठवड्यांतच संपते व मेंदूस कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णास थायमिन न देता केवळ ग्लुकोजची बाटली लावणे हे विशेष घातक होय. सलाईन लावणाऱ्या आपल्या सर्व व्यवसायबंधूंनी ही एक गोष्ट तरी ध्यानी ठेवावी.

रुग्णेशी संवाद

केस जाणे ही स्त्रीच्या दृष्टीने सामान्य बाब नव्हे. वजन उतरल्याचे कौतुक सुरू असतानाच शेजारीण ‘अगं, तुझे केस किती गेले!’ म्हणते आणि तिला शस्त्रक्रियेचाच पश्चात्ताप होऊ लागतो. अशा वेळी तिला तारखा लिहून द्याव्यात : शस्त्रक्रिया अमुक महिन्यात, गळतीचा आरंभ अमुक महिन्यात, ओसरण्याची अपेक्षा अमुक महिन्यापर्यंत. कपाळाच्या कडेस बोटभर उभे राहणारे नवे केस आरशात दाखवावेत. त्याहून मोठा धीर दुसरा नाही. तोवर केस थोडे आखूड ठेवणे, घट्ट वेणी-अंबाडा टाळणे, रासायनिक सरळीकरण न करणे एवढे पुरे.

आणि ती जुनी-नवी पूरके सोबत घेऊन येईल, तेव्हा प्रत्येक बाटली हातात घेऊन कोणती चालू ठेवायची व कोणती अनावश्यक आहे हे स्पष्ट सांगावे. शस्त्रकर्मानंतरच्या परिचर्येसाठी सुश्रुताने व्रणितोपासनीय हा स्वतंत्र अध्याय लिहिला, यावरून शस्त्र ठेवल्यानंतरच्या काळाचे महत्त्व आपल्या परंपरेने किती ओळखले होते हे दिसते. स्थौल्याचे शस्त्रकर्म आपण केलेले नसले, तरी त्यानंतरची परिचर्या पुष्कळ अंशी आपल्याच हाती येते. शल्यचिकित्सकाची चिठ्ठी वाचून, गरज पडल्यास त्यांना दूरध्वनी करून, मगच आपली औषधयोजना ठरवावी.